अंगणात उभी केलेली खाट

आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर रोज संध्याकाळी पाच-सहा म्हातारे बसतात आणि मरणाच्या गप्पा मारतात. त्यातल्या एकालाही मरायचं नसतं. मीही त्यांच्यातच बसतो, कारण गावात बसायला दुसरी जागा नाही, आणि घरी बसावं तर टीव्हीवर याहून रिकामी माणसं बोलत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा जन्म गेला. मूर्ख पोरं पुष्कळ पाहिली. पोरांचा मूर्खपणा वयाबरोबर जातो असं मी समजत होतो, ते या पाळीवर बसल्यावर समजायचं सोडून दिलं.

यात सगळ्यात मोठा आवाज रिटायर पटवाऱ्याचा. "आपन तं दवाखान्यात जानार नाई गुरुजी. हातपाय चालून राह्यले तवरच उचल म्हना देवाले." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की तो तोंड उघडायच्या आधी मला ते ऐकू येतं. याच माणसाच्या छातीत दिवाळीत कळ आली तेव्हा त्यानं अख्खी गल्ली उठवली. जीपमध्ये घालून ब्रह्मपुरीला नेलं, तिथून नागपूरला नेलं, आणि तिथं त्यानं डॉक्टरच्या अंगातला पांढरा कोट धरून ठेवला. "साहेब, काई बी करा, पन करा." निघाला गॅस. चकल्या जास्त झाल्या होत्या. तब्येत सुधारून तो पाळीवर परत आला, पंचा झटकून बसला आणि म्हणाला, "आपन तं दवाखान्यात जानार नाई."

दुसरा मासेमारी सोसायटीचा माजी अध्यक्ष. त्याचं म्हणणं, जुन्या लोकांसारखं वेळ आली की अन्नपाणी सोडायचं, गपचूप पडून राहायचं. ऐकायला मोठं चांगलं वाटतं. एकादशीला हाच माणूस दुपार व्हायच्या आत दोनदा साबुदाणा मागतो आणि तिसऱ्यांदा मागताना सुनेवर ओरडतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पाळीवर तोच आम्ही रोज वाढून घेत होतो.

एकदा नागभीडला ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम होता. नागपूरचे कोणी वकील इच्छामरणावर बोलणार होते. आम्ही सगळे गेलो, कारण समोसा होता. वकील बरा माणूस होता, हळू बोलत होता. त्यानं सांगितलं की सुई टोचून मारून टाका असं आपल्याकडे कोणाला मागता येत नाही. पण उद्या मी बरा होण्यातला राहिलो नाही तर मला नळ्या लावू नका, मशीनवर ठेवू नका, एवढं आधी लिहून ठेवता येतं. मग त्यानं विचारलं, कोणाला काही शंका? पटवारी उठला. "वकीलसाहेब, समजा लिहून ठेवलं, अन् ऐन त्या दिवशी मन बदललं, तं?" वकील म्हणाला, तर बदला, तुमचं मन आहे. हे ऐकून हॉलभर म्हातारे असे हसले की जणू फाशी माफ झाली. त्यातल्या एकानंही घरी जाऊन काही लिहिलं नाही. समोसा मात्र कोणी सोडला नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय सांगितलं. मी सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, हातावर उशी घेऊन. त्या हातातली नस डॉक्टरांनी ऑपरेशन करून मोठी केली होती आणि कान लावला तर ती भुंग्यासारखी वाजायची. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंजे इतके शिकलेले लोक जमा झाले, अन् ठरवलं काय, तं नाई म्हनता येते. नाई म्हनाले वकील पायजे का?"

मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी हसलो.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला चंद्रपूरला डायलिसिसला न्यायचं. पहाटे जीप यायची, रस्ताभर खड्डे, मग दिवसभर ती मशीनला बांधलेली आणि मी बाहेर बाकड्यावर. परत येताना ती मागच्या सीटवर आडवी. दुसरा दिवस झोपण्यात जायचा, तिसऱ्या दिवशी जरा उठून बसली की चौथ्या दिवशी पुन्हा जीप. पण तिचं दुःख ते नव्हतं. तिचं दुःख पाणी होतं. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, एका लहान स्टीलच्या वाटीनं. पोंभुर्ण्याकडची, तलावाकाठी वाढलेली बाई. लहानपणापासून तांब्यानं घटाघटा प्यायलेली. ती ओठ ओले करून वाटी खाली ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मीठ बंद, मासे बंद, भाजीसुद्धा दोनदा उकडून पाणी फेकून द्यायची. आमच्या तलावातले बोटवे मासे तळले की शेजारून वास यायचा, तेव्हा मी उठून दार लावायचो. ती म्हणायची, "लावू नका. वास तं घेऊ द्या."

असं वर्षाच्या वर चाललं. एका सकाळी जीप दारात उभी होती, मी तिची पिशवी भरत होतो, आणि ती म्हणाली, "आता मी नाई जात त्या मशीनवर."

खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. मी पिशवी भरतच राहिलो. मी म्हणालो, "असं कसं? मग काय होईल माहीत आहे ना?"

"माईत आहे. त्या पोट्ट्या डॉक्टरले मी मागंच विचारलं. सोडलं तं आठ-दहा दिवस म्हनला, कधी थोडे जास्त." ती जराशी हसली. "तुमाले भाकर कोन देईन याचीच फिकीर आहे ना?"

"तीही आहे," मी म्हणालो.

"तांदूळ धुवाचे, कुकरमधी टाकाचे, तीन शिट्ट्या. इतके पोट्टे शिकवले, तुमाले येईन."

मी पुष्कळ भांडलो. शेवटी तिनं एक तडजोड केली, तीही माझ्याशी नाही, धानाशी. मळणी व्हायची होती. नवे तांदूळ घरी येईपर्यंत ती चंद्रपूरला जाईल, मग नाही. आपल्या मरणाचा मुहूर्त माणूस हंगाम बघून काढतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. पाळीवरच्या म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी ते चघळलं असतं.

मुलगा नागपूरला कंपनीत आहे. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, असं नको करू. पॉझिटिव्ह राहा." हा शब्द आमच्या घरी त्यानंच आणला. वर्षातून दोनदा येतो, दिवाळीला आणि उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा आईला पॉझिटिव्ह राहायला सांगून जातो. तिची पिशवी एकदाही त्यानं भरली नाही. त्याचं आईवर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही, आहे, खूप आहे. पण ते प्रेम उंटावरून शेळ्या हाकतं. "बाबा, तुम्ही तिचं ऐकू नका. मी चांगल्या डॉक्टरांशी बोलतो." कोणाशी बोलला ते देव जाणे. नवे तांदूळ घरी आले. तिनं त्यांचा भात केला, मला वाढला, स्वतः घासभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी जीप आली ती तिनं दारातूनच परत पाठवली.

पुढच्या चार-पाच दिवसांत तिच्या पायांवर सूज चढली, दम लागू लागला. मुलाचा फोन रोज. मी येतो आणि तिला घेऊन जातो, असं तो म्हणू लागला. एका सकाळी हे तिनं ऐकलं. त्याच सकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "अजी, मले खाली घ्या."

हे कोणाला माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडे माणसाला खाटेवर मरू देत नाहीत. शेवट जवळ आला की खाटेवरून उचलून जमिनीवर, वाकळेवर घेतात, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात. एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत खाटेवर घेत नाहीत आणि दवाखान्यात तर नेतच नाहीत. त्याच्या पुढचं सगळं देवाकडे गेलेलं असतं. आता यातली गंमत अशी की खाली घ्या हे म्हणायला कोणी तयार नसतं, कारण जो म्हणेल त्यानं मारलं असं होतं. माझे वडील गेले तेव्हा खाटेभोवती पाच बाप्ये उभे होते. काका म्हणाले, तू सांग. मामा म्हणाले, घरच्यांनी सांगावं. थोरल्या भावानं पुरोहिताला विचारायला माणूस धाडला. हा सगळा शहाणपणा चालू असताना वडील खाटेवरच गेले. मग खाटेवर मेला म्हणून पुरोहिताकडून शांत करून घ्यावी लागली आणि तेच पाच जण जेवायला बसले.

तिला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच ती मला म्हणाली. "खाली घेतलेल्या मानसाले कोनी नेत नाई," ती म्हणाली. "पोट्टा यायच्या आंदी घ्या."

मी वाकळ अंथरली. तिनं सांगितलं तशी, दारासमोर, तिला अंगणातला वालाचा वेल दिसेल अशी. तिच्या काखेत हात घालून तिला उतरवलं. ती फार हलकी झाली होती आणि पाय फार जड होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता तांब्या आना." मी तांब्या भरून आणला. वाटी नाही, तांब्या. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली, हनुवटीवरून पाणी गळेपर्यंत प्यायली. इतकं सुख मी तिच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

खोली लहान. खाट मध्ये अडत होती, म्हणून मी ती ओढून अंगणात नेली. आडवी ठेवली असती तर शेजारच्या बकऱ्या चढून बसल्या असत्या, म्हणून भिंतीला उभी केली. आणि आमच्या भागात अंगणात उभी केलेली खाट एकच गोष्ट सांगते. मी ते विसरलो होतो असंही नाही; माझं तिकडे लक्षच नव्हतं. घरात ती पाणी पीत होती.

शेजारणीनं कुंपणावरून खाट पाहिली. एवढ्या वर्षांची शेजारीण, मीठ-मिरची देण्याघेण्याची. चार पावलं येऊन विचारावं की नाही? नाही. तिनं तिथल्या तिथे तोंडाला पदर लावला आणि पोराला फोन लावायला सांगितलं. थोड्या वेळात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या बायकोचा फोटो आला, पुतणीच्या लग्नातला, मोत्यांचा हार घातलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि हात जोडलेली चिन्हं. ती तेव्हा मला विचारत होती, घरात सुके बोटवे आहेत का.

पहिला आला पटवारी. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, चेहरा असा की वर्षानुवर्षं सराव केला असावा. मागून अध्यक्ष, दोन हिरवे बांबू तोडून, खांद्यावर घेऊन. या कामाला ही माणसं इतकी चपळ असतात, मला कौतुक वाटतं. पटवाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, धीर धरा. भाग्याची बाई. कुंकवानं गेली."

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "कोन आलं जी?"

अध्यक्षाच्या खांद्यावरचे बांबू खाली पडले. पटवाऱ्याची पाचावर धारण बसली; त्यानं माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होते. मग त्यानं आत डोकावून पाहिलं. ती वाकळेवर भिंतीला टेकून बसली होती, समोर ताटलीत नव्या तांदळाचा भात, त्यावर बोटव्यांचं कालवण, मीठ घातलेलं. "या ना, बसा," ती म्हणाली. "बांबू कायले आनले?"

त्यानंतर जे झालं त्याला मी काय म्हणू. अर्धं गाव आलं आणि परत जायला कोणी तयार नव्हतं, कारण आलोच आहोत तर. पोंभुर्ण्याहून तिचा भाऊ बायकोला घेऊन जीप करून आला. बायका रस्त्याच्या वळणापासून हेल काढत आल्या आणि दारात येऊन मध्येच थांबल्या. तिचा भाऊ काखेत प्लास्टिकची पिशवी घेऊन उभा होता, ती त्यानं पाठीमागे लपवली. आणि त्यांच्या मागोमाग नागपूरहून मुलगा आला, रडत, डोळे सुजलेले. आई जिवंत आहे हे कळल्यावर तो धावत आत गेला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मलाही भरून आलं. मग त्यानं डोकं उचललं, तिच्या पायांची सूज पाहिली, ताटलीतलं कालवण पाहिलं, बाजूचा रिकामा तांब्या पाहिला, आणि फोन काढला. नागभीडहून रुग्णवाहिका मागवली. आत्ताच्या आत्ता चंद्रपूर. रस्त्यात डायलिसिसवाल्याशी बोलून ठेवतो म्हणाला.

"मी कुठी जात नाई," ती म्हणाली.

तिचं कोणी ऐकलं नाही. ऐकायला वेळ कोणाला होता. सगळे बोलत होते. खाली घेतलेल्याला नेत नाहीत ही रीत बसून जेवणाऱ्या बाईला लावायला कोणी तयार नव्हतं. पटवारी म्हणाला, "गुरुजी, हे बरं नाई केलं तुमी. जिवंत मानूस खाली घेता?"

मी म्हणालो, "पाळीवर काय म्हणत होतास? दवाखान्यात जाणार नाही म्हणून?"

"ते बोलाची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही.

अध्यक्षही पुढे आला. त्याचं मत, अन्नपाणी सोडणं ही जुनी रीत आहे, पण बाई तर जेवून राह्यल्या, तेव्हा हे त्यात बसत नाही, तेव्हा न्यायला हरकत नाही. शेजारीण म्हणाली, तिच्या माहेरच्या एका बाईला मशीनवर वीस वर्षं झाली. कोणी म्हणालं, जडीबुटीवाला आहे गोंडपिपरीकडे. ती वाकळेवर होती, पाय उघडे होते, आणि त्या पायांपाशी उभं राहून पंधरा माणसं ठरवत होती की तिचं काय करायचं. बाजारात शेळी विकायला आणली तर गिऱ्हाईक निदान तिच्या तोंडाकडे बघतं.

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही आईला मारताय."

मी तिच्या उघड्या पायांवर पंचा टाकला. त्यांच्यातल्या कोणी म्हटलं असतं तर उत्तर दिलं असतं. तो माझा मुलगा होता.

तेवढ्यात रुग्णवाहिका अंगणापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर आणि मुलगा स्ट्रेचर काढायला गेले. आता नेतील, मला कळून चुकलं. मी आडवा पडलो असतो तर मला उचलून बाजूला ठेवलं असतं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला उचलायला लागतं काय.

तिनं भावाकडे पाहिलं. "काऊन रे, काय आनलं?"

"काई नाई बाई."

"दाखव."

त्याला पिशवी पुढे करावी लागली. आतून हिरवं लुगडं निघालं, घडी न मोडलेलं. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं असतं, भाऊ आणतो, ते नेसवूनच तिला घरातून काढतात. तो बिचारा रडत दुकानात गेला असणार आणि रडत निवडलं असणार. तिनं ते मांडीवर घेतलं, काठावरून हात फिरवला. "काठ बरा आहे," ती म्हणाली. "भाचीच्या लग्नात दिलं तवा असं नाई आनलं." भावाला हसावं की रडावं कळेना. मग तिनं भावजयीला जवळ बोलावलं.

"नेसव मले."

भावजय मागे सरकली. "बाई, हे असं कसं नेसवू?"

"हातानं नेसव. दार लाव, बाप्यांले बाहेर काढ."

आम्ही सगळे अंगणात आलो. उभ्या खाटेशेजारी स्ट्रेचर होतं. मुलगा विचारत होता, काय चाललंय, वेळ जातोय. कोणी उत्तर दिलं नाही, कारण काय चाललंय ते गावातल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि नागपूरला राहून त्याला तेवढं कळेनासं झालं होतं. दार उघडलं. ती वाकळेवर बसली होती, हिरवं लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू, ओटीत तांदूळ. नवऱ्याच्या घरात आलेल्या नव्या नवरीसारखी नीट बसली होती. तिनं मुलाला सांगितलं, "आता ने."

ड्रायव्हर नागभीडचाच होता. त्यानं दारातून पाहिलं आणि स्ट्रेचरची घडी घातली. "नाई गुरुजी. या लुगड्यातल्या बाईले मी गाडीत नाई घेत." मुलगा त्याला काय काय बोलला, पैशाचं, माणुसकीचं. ड्रायव्हरनं मान खाली घातली आणि गाडी वळवली. ज्या लोकांना तिचं शब्दानं सांगितलेलं ऐकू येत नव्हतं त्यांना ते लुगडं लख्ख ऐकू आलं. पटवारी तर दोन पावलं मागे होऊन उभा होता. या माणसांना बाईच्या मर्जीची भीती नाही, पण तिच्या लुगड्याची आहे. हे तिनं त्यांच्यापेक्षा आधी ओळखलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही थोडं शिल्लक होतं तेही संपलं.

मुलगा उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आत ये. नवे तांदूळ आहेत, जेव." तो आत गेला, तिच्याजवळ बसून जेवला. नागपूरला परत गेला नाही, शेवटपर्यंत राहिला. तांब्या भरून देण्याचं काम त्यानं माझ्याकडून काढून घेतलं. तिनं मागितलं की तो भरायचा आणि मोजायचा नाही. त्याच्याबद्दल मी वर जे लिहिलं ते खोटं नाही, पण हेही लिहायला हवं.

ते दोन बांबू तिनं वालाच्या वेलाला लावायला लावले. असे आणलेले बांबू परत नेत नाहीत, म्हणून कुरकुर झाली, पण त्या लुगड्यातल्या बाईला उलट बोलायची कोणाची छाती नव्हती. पुढे एका दुपारी, अंगणात ऊन असताना, ती मला म्हणाली, "शेंगा तोडून घ्या, जून होऊन राह्यल्या." मी टोपली घेऊन गेलो. परत आलो तेव्हा मुलगा तिचा हात धरून बसला होता आणि त्या हातातली नस वाजायची थांबली होती. अध्यक्षाला नवे बांबू तोडायला लागले. त्यानं ते तोडले, पण दोनदा बोलून दाखवलं.

आता पाळीवर तिचं नाव निघतं. पटवारी म्हणतो, "वहिनीनं कमाल केली गुरुजी. आपन बी तसंच करू." मी त्याच्याकडे बघतो आणि तंबाखू मळतो. मुलाचा फोन आता रोज येतो. "बाबा, इथे या. इथे सगळ्या सोयी आहेत. तुम्हाला मी काही होऊ देणार नाही." एकदा मी त्याला सरळ विचारलं, "वेळ आली की मला खाली घेशील का?" मग तो म्हणाला, "बाबा, असं बोलू नका ना." मला त्याचा राग आला नाही. त्यानं आईला तांब्या भरून दिला होता. पण खाली घ्या म्हणून तोंडानं म्हणणं त्याच्या हातून होणार नाही, आणि आम्हा पुरुषांना माहेरचं लुगडं नसतं.

खाट मी आत आणली. तिच्यावर आता गाद्या रचल्या आहेत. मी त्याच वाकळेवर, दारासमोर जमिनीवर झोपतो. शेजारीण म्हणते, फरशीच्या गारव्यानं गुडघे धरतील. गावात म्हणतात, गुरुजींनी बायकोच्या दुःखात व्रत धरलं आहे. मी कोणाला काही सांगत नाही. खाटेवर झोपलो तर मला कोणीतरी खाली घ्यावं लागेल, आणि तेवढी हिंमत असलेलं या घरातलं एकच माणूस होतं. म्हणून मी आधीच खाली झोपतो.